न उकळलेलं दूध

मेहकरात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यांतल्या पहिल्या नऊ वर्षांत माझ्या दारावर थाप पडली तर ती गॅस सिलिंडरवाल्याची असायची, नाहीतर वीजमीटरचा फोटो काढायला येणाऱ्या माणसाची. दिवसभर शाळेत मुलांचा गोंगाट असायचा. संध्याकाळी कुलूप काढून आत आलं की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. कधी कधी पहिलं नाव पुकारताना माझा आवाज खरखरीत यायचा आणि मुलं खुदकन हसायची. मग नऊ वर्षांनी दारावर थापा पडू लागल्या. त्या थांबू नयेत म्हणून मी शेजारच्या घरातल्या एका गरोदर मुलीला जे पाजलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

हे गाऱ्हाणं नाही. वडनेर भोलजीच्या आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि घरी चार-पाच बकऱ्या पाळायची. त्या बकऱ्यांवर, आईच्या हट्टावर आणि दोन-तीन गुरुजनांच्या मायेवर माझं बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं, आणि इथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार मला रोज आठवतात. लग्न तेवढं राहून गेलं. आधी माझं शिक्षण, मग धाकट्या भावाचा संसार, आणि नंतर बघायला आलेले लोक वय ऐकून चहाचा कप अर्धा ठेवून उठायला लागले.

आई गेल्यावर भावाने तिच्या बकऱ्या विकायला काढल्या. त्याला शेतीच्या कामातून वेळ नव्हता. एक मी मागून घेतली. दीड वर्षाची, अजून न व्यालेली, काळी, आणि कान पांढरे.

"तू का करशीन वं तिचं?" भाऊ हसला. "पुस्तकं खाऊ घालशीन काय?"

"ते माझं मी बघते."

"मास्तरीनबाईची बकरी! पंधरा दिवसांत पाढे म्हणीन ते."

पाढे काही तिने म्हटले नाहीत. घरमालकांनी मागच्या मोकळ्या जागेत खुंटा ठोकू दिला. सकाळी तिला हरभऱ्याचं कुटार घालायचं आणि शाळेतून येताना सुबाभळीच्या डहाळ्या तोडून आणायच्या. संध्याकाळी मी दावं सोडायची तेव्हा ती सरळ घरात यायची आणि मी खाली बसून वह्या तपासत असले की पाठीला पाठ लावून बसायची. रवंथ करताना तिचं अंग हलायचं, त्याने माझंही अंग हलायचं. थंडीत तर मी तिला अंथरुणाशेजारी पोतं टाकून द्यायची. तिच्याशी मी बोलायला लागले. आज शाळेत कोण काय म्हणालं, भाजीत मीठ किती पडलं, असलंच सगळं. सकाळचा माझा आवाज खरखरीत येईनासा झाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला मी गावाबाहेर बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांच्या कळपात नेलं. त्यांच्याकडे बोकड होता. ती गाभण राहिल्याचं बाबांनीच ओळखलं. बोलता बोलता ते म्हणाले, "औंदा माह्या दोन बकऱ्या गाभडल्या, मॅडम. कोनाची नजर लागली काय की."

दोन बकऱ्या एकाच कळपात गाभडतात, म्हणजे पिल्लं दिवस भरायच्या आत पडतात, हे वाक्य बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या माणसाने ऐकून सोडून द्यायला नको होतं. मी सोडून दिलं. मला पिल्लांची स्वप्नं पडत होती.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी तीही गाभडली. अजून महिनाभर अवकाश होता. दोन पिल्लं निघाली. एक मेलेलंच होतं, दुसरं धापा टाकत होतं. मी एकटीच होते. कोणाला हाक मारावी असं माणूसही नव्हतं. आईला मी लहानपणापासून हे करताना पाहिलेलं. तिने कधी हातात काही घातलं नव्हतं, मीही घातलं नाही. पिल्लाच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, त्याला छातीशी धरून साडीच्या पदराने पुसलं, वार ओढून काढून खड्ड्यात पुरली. अंगठ्याला विळीने कापल्याची ताजी जखम होती, ती झोंबली तेव्हा नळाखाली धरली. ते पिल्लूही तिसऱ्या दिवशी गेलं. राहिलं ते दूध. पिणारं कोणी नव्हतं, आणि काढलं नाही तर तिची कास दगडासारखी व्हायची.

सप्टेंबरात आमच्या भागात डेंग्यूची साथ आली. घरटी एक माणूस तापात. आणि डेंग्यू म्हटलं की आमच्याकडे तीन गोष्टींची धावाधाव सुरू होते: पपईच्या पानांचा रस, किवी आणि बकरीचं दूध. त्याने प्लेटलेट वाढतात असं सगळे सांगतात. कोणी सांगितलं ते कोणालाच ठाऊक नसतं.

पहिली थाप शेजारच्या काकूंची. मधे एक कंबरेएवढी भिंत, पण नऊ वर्षांत आमचं बोलणं "नळ आला का" याच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या दारातून आत आल्या आणि खाली बसल्या. त्यांची मुलगी चिखलीला दिलेली. तिला तिसरा महिना लागलेला आणि त्यात डेंग्यू झाला, म्हणून माहेरी आणली होती.

"तुमच्या बकरीचं दूध देता काय, मॅडम? वाटीभर. रोज."

"देते की. त्यात काय! उकळून ठेवते, संध्याकाळी घेऊन जा."

"उकळू नोका न, माय." काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उकळलं का त्याचा गुण जाते म्हन्ते. कच्चंच पाह्यजे. धारेचं."

मी रोज नववीच्या वर्गात सांगते की दूध उकळून प्यावं. का उकळावं तेही सांगते, फळ्यावर आकृती काढून. त्या वेळी ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण काकूंचा हात गुडघ्यावर होता. मी चहा ठेवला होता, आणि त्या अजून बसणार होत्या. मी मनाशी म्हटलं, आपण लहानपणी धारेखाली तोंड धरून प्यायलोच की, काय झालं? हा युक्तिवाद माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला उभं केलं असतं.

"बरं, कच्चं देते," मी म्हटलं.

त्यानंतर दोन महिने माझं घर भरलेलं असायचं असं म्हटलं तरी चालेल. मागच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून स्वतःसाठी न्यायचे, आणखी एका घरातली सून नवऱ्यासाठी न्यायची. कोणी रिकाम्या हाताने यायचं नाही. झुणका यायचा, अंबाडीची भाजी यायची, गौरी-गणपतीत पुरणपोळ्या तर इतक्या आल्या की मी शाळेत नेऊन वाटल्या. "बकरीवाल्या मॅडम" हे माझं नाव पडलं आणि मला ते आवडलं. काकूंची मुलगी बरं वाटू लागल्यावर स्वतः यायची. बकरीचे कान ओढायची, मला विचारायची, "मॅडम, मुलगा होईन का मुलगी? तुमी सायन्सवाल्या ना, सांगा बरं!" मी म्हणायची, ते सांगणं गुन्हा आहे. ती म्हणायची, "तुमी काऊन इतक्या कायद्यानं वागता हो?" दहा-बारा दिवस ती वाटीभर दूध माझ्यासमोर उभी राहून प्यायली. मग चिखलीला परत गेली.

ऑक्टोबरात मला ताप आला. सकाळी मी ठीक असायची, तिसऱ्या प्रहरी कणकण सुरू व्हायची, आणि पहाटे घामाने उशी ओली झालेली असायची. कंबर अशी धरायची की फळ्याच्या खालच्या ओळी लिहिता येईनात. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, औषध दिलं. ताप गेला आणि दहा दिवसांनी परत आला. पुन्हा टायफॉइड, पुन्हा औषध. दिवाळीला मी भावाकडेही गेले नाही. डेंग्यूची साथ सरली, बकरी आटली, आणि दारावरच्या थापाही कमी झाल्या होत्या. पण काकू वरणभात आणून द्यायच्या. "हाडं निंघाली हो तुमची," म्हणायच्या.

शेवटी डिसेंबरात बुलढाण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी आधीचे सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "घरात जनावर आहे?"

"बकरी आहे."

"गाभडली होती का कधी?"

तिथे, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या, मला कॉलेजातली बाकं आठवली. तो धडा आठवला. परीक्षेत पाच गुणांना आला होता आणि मी तो चांगला लिहिला होता. डॉक्टर पुढे काही बोलायच्या आधीच मला रोगाचं नाव आठवलं होतं: ब्रुसेलोसिस, जनावरं गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसात येणारा ताप. रक्त तपासणीला बाहेर गेलं आणि चार दिवसांनी मी पुन्हा बुलढाण्याला गेले तेव्हा तेच नाव छापून आलं होतं. पिल्लं काढताना हाताला जे लागलं त्यातून तो मला झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. सहा आठवड्यांचं औषध दिलं. मग त्यांनी विचारलं, "दूध कोणी कच्चं प्यायलं का?"

मी तीन माणसं सांगितली. शेवटी मुलीचं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कितवा महिना?"

"आता सहावा असेल."

"तिची तपासणी आधी व्हायला हवी. हा आजार गर्भावर जाऊ शकतो. प्रत्येकीलाच होतो असं नाही. पण झाला असेल तर वेळेत औषध पाहिजे, आणि गरोदरपणात चालणारं औषध वेगळं असतं. आज जाऊन सांगा."

बसमध्ये मी तीन तास काय बोलायचं ते जुळवत होते. तरी त्या दिवशी मी सांगितलं नाही. मी घरी पोचले तर काकूंनी भिंतीवरून भाकर दिली आणि "काय म्हन्ले डॉक्टर?" विचारलं. मी म्हटलं, "रिपोर्ट बघितला, औषध दिलं." एक रात्र मला ते घर तसंच हवं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सकाळी गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, एका दमात. त्यांचे हात थांबले.

"मंग बकरीचा ताप मानसाले येते?"

"येतो, काकू."

"अन् तुमाले ठाऊक होतं?"

"दूध उकळायला पाहिजे हे ठाऊक होतं."

त्यांनी मुठीतले तांदूळ ताटात टाकले. मग ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "तुमी तं शिकेल हाय ना, मॅडम? आमी अडाणी. आमी मांगतलं. तुमी काऊन देल्लं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

मुलीची तपासणी करायला त्या तयार होईनात. "ठणठणीत हाय ते. काल फोनवर हसून राह्यली होती." दुसऱ्या दिवशी गेले तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशी खरं कारण निघालं. मुलीची सासू आधीच म्हणत होती की आजारपणात तिला माहेरी न्यायची काय गरज होती. आता माहेरी काय पाजलं हे तिकडे कळलं, तर मुलीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. "अन् पोटातल्याचं काई झालं," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तं तिले नांदवतीन का ते?"

"काही होऊ नये म्हणूनच सांगते आहे."

"तुमाले नाई समजनार हे. तुमाले सासर नाई."

ते खरंच होतं. मी घरी आले. बकरी खुंट्यापाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला हात लावला नाही. मग फोन घेतला. जावयाचा नंबर माझ्याकडे होता, कारण एकदा मुलगी माझ्या घरी बसली असताना तिचा फोन बंद पडला होता आणि तिने माझ्या फोनवरून त्याला लावला होता.

"मी तुमच्या सासूबाईंच्या शेजारची मॅडम," मी म्हटलं. "तुमच्या पत्नीच्या डेंग्यूत बकरीचं कच्चं दूध मी दिलं होतं. माझ्या बकरीला आजार निघाला आहे. त्यांचं रक्त तपासून घ्या. उद्याच."

मग तो म्हणाला, "कच्चं द्या असं सांगितलं कोणी? आमच्या सासूबाईंनी?"

"मी दिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी विज्ञान शिकवते."

पुढे तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही आणि मला त्याचा राग नाही. पण रक्त त्याने दुसऱ्याच दिवशी तपासायला दिलं. आजार निघाला. मुलीला कणकण येत होती, ती पोटामुळे असेल म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं औषध सुरू झालं.

बाकीच्या दोन्ही घरी जाऊन मी सांगून आले. सुनेचा नवरा तपासणीत सुटला. कारकून काकांना आजार निघाला. त्यांचे गुडघे दोन महिन्यांपासून दुखत होते आणि ते वयाला दोष देत होते. त्यांनी मला दारातच "बरं झालं सांगितलं" म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बकरीचं रक्त नेलं. तिच्यातही तेच होतं. दिसायला ती धडधाकट होती. ते म्हणाले, हिला विकायचं नाही, कळपात सोडायचं नाही, पुन्हा गाभण करायचं नाही. खरं विचाराल तर संपवलेलंच बरं. बकऱ्या चारणाऱ्या बाबांना मी हे सांगायला गेले, तर ते म्हणाले, "कशाले मारता? बाजारात उभी करा. कोन इचारते बापा?" मी त्यांच्या कळपाची तपासणी करून घ्या म्हणून विनवलं. त्यांनी काठी उचलली आणि बकऱ्या हाकत पुढे गेले. नंतर डॉक्टरांनाच मी त्यांचा पत्ता दिला.

इंजेक्शन दिलं तेव्हा मी तिचं दावं धरलं होतं. हातात मोजे होते. तिला मोज्यांचा वास ओळखीचा नव्हता, ती मान मागे घेत होती. चुना टाकून तिला खोल पुरलं. मागची जागा मी डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने तीनदा धुतली. संध्याकाळी वह्या घेऊन खाली बसले आणि थोड्या वेळाने उठून खुर्चीवर बसले.

गल्लीत माझ्याशी भांडायला कोणी आलं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. नळावर एकदा मागून ऐकू आलं, "मॅडमच्या घरचं पानीबी नोको घेऊ वं." हसण्यावारी नेलेलं ते वाक्य होतं, आणि दोघीतिघी हसल्या. मीही हसले, पण तोवर त्या पुढे गेल्या होत्या. काकूंनी भिंतीच्या त्यांच्या बाजूला कपडे वाळवायची तार बांधली. चादरी घातल्या की पलीकडचं काही दिसायचं नाही. सातव्या महिन्यात मुलीला त्यांनी बाळंतपणाला आणलं. डोहाळेजेवणाची गाणी मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मुलगी एकदा अंगणात दिसली. तिने हात हलवला, तेवढ्यात आतून हाक आली आणि ती गेली.

मी माझं औषध रोज वेळेवर घेतलं. गोळी घेताना रोज वाटायचं, तिने घेतली असेल ना. तिच्या आईला विचारायची सोय नव्हती. शाळेत मी आता तो धडा शिकवताना फळ्यावर आकृती काढून थांबत नाही. "माझ्या घरात हे घडलं, आणि मी तुमच्यापेक्षा जास्त शिकलेली होते," असं सांगते. एका मुलीने विचारलं, "मंग तुमी दिलंच काऊन, मॅडम?" मी म्हटलं, "कोणीतरी माझ्या घरी येऊन बसलं होतं." तिला ते समजलं नाही, आणि घंटा झाली.

मार्चच्या शेवटी एका दुपारी मी मागच्या बाजूला भांडी घासत होते. तारेवरची चादर थोडी सरकली. काकू होत्या.

"पोरगी झाली," त्या म्हणाल्या. "सकाळी."

मी उभी राहिले. हात राखेने भरलेले.

"बाळ?"

"बरं हाय. समदं तपासलं डॉक्टरनं. दोघीबी बऱ्या हाय."

"वजन किती?"

"पावनेतीन." त्या आणखी काही बोलतील असं एक क्षण वाटलं. घरात कुकरची शिट्टी झाली. चादर पुन्हा सारखी करून त्या आत गेल्या.

मी हात धुतले, पुसले. मला ही बातमी कोणाला तरी सांगायची होती. आई असती तर तिने जावळ किती, रंग कसा, रडली कशी, सगळं विचारलं असतं. मी भावाला फोन लावला. तो शेतात होता, वारा वाजत होता.

"मुलगी झाली," मी म्हटलं. "दोघी सुखरूप आहेत."

"कोनाले?"

"शेजारी."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि विहिरीवरची मोटर जळाल्याचं सांगू लागला. मिस्त्री कसा दोन दिवस फिरवतो आहे, तेही सांगितलं. मी मध्ये मध्ये "हो का" म्हणत राहिले, म्हणजे तो आणखी थोडा वेळ बोलेल.